तुमसरची फाइल

माझ्या सासूबाई हल्ली कुठल्याही डॉक्टरकडे गेल्या की आधी सगळं सांगून टाकतात. परवा दात दाखवायला गेलो, तर दातांच्या डॉक्टरला त्यांनी माझ्या लेकीच्या जन्माआधीची हकिकतसुद्धा ऐकवली. तो बिचारा मास्क खाली ओढून ऐकत राहिला. चार वर्षांपूर्वी याच बाईनं मला डॉक्टरपासून एक गोष्ट लपवायला लावली होती.

तेव्हा मला सातवा महिना सरत आला होता. सासर मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, माहेर तिकडच्याच कटंगीत, महाराष्ट्राच्या सीमेजवळ. आठ दिवस माहेरी राहायला गेले आणि पोटात कळा सुरू झाल्या. वडिलांनी गाडी केली ती थेट महाराष्ट्रात, तुमसरला. तिथल्या डॉक्टरांनी कळा थांबवायचं औषध दिलं आणि बाळ लवकर आलंच तर त्याची फुप्फुसं तयार असावीत म्हणून दोन दिवसांत दोन इंजेक्शनं दिली. कळा थांबल्या. ‘आता तुमच्या बालाघाटच्या डॉक्टरांना ही फाइल दाखवा,’ असं त्यांनी बजावलं, आणि सासूबाई मला न्यायला आल्या.

गाडीत बसताच त्यांनी फाइल माझ्या हातून घेतली आणि पिशवीत पोळ्यांच्या डब्याखाली सरकवली.

“तिकडं दाखवलं म्हनून सांगू नको. डॉक्टरीनबाईले राग येते.”

आम्हा सीमेवरच्या लोकांची ही जुनी खोड. दोन्हीकडे दाखवायचं, पण एकाला दुसऱ्याचं कळू द्यायचं नाही. सासऱ्यांच्या आजारपणात एका डॉक्टरनं ‘मग तिकडेच जा’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवलं होतं. ते सासूबाईंच्या मनातून कधी गेलंच नाही. मी मुकाट्यानं मान डोलावली. शाळेत विज्ञान शिकवणारी मी!

बालाघाटच्या दवाखान्यात ‘कळा येऊन थांबल्या’ एवढंच सांगितलं. माझ्या पोटाला पट्टा बांधला आणि मशीनमधून बाळाच्या ठोक्यांचा कागद बाहेर येऊ लागला. त्यावरची रेघ सारखी खालीवर व्हायला हवी. माझी जवळजवळ सरळच चालली होती. सकाळपासून बाळही फारसं हललं नव्हतं.

“कोई इंजेक्शन लगा है क्या?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “नहीं,” मी म्हणाले. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

“बच्चा सुस्त है। ऐसा ही रहा तो आज ही ऑपरेशन करना पड़ेगा।”

सातव्या महिन्याचं बाळ, आज बाहेर. खरं सांगायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. तेवढ्यात शेजारी डबा वाजला. सासूबाईंनी पिशवी जमिनीवर रिकामी केली होती. तुपाचे डाग पडलेली फाइल त्यांनी दोन्ही हातांनी डॉक्टरीणबाईंपुढे धरली.

“म्या खोटं बोलाले लावलं. तिचा काही दोष नाही.”

डॉक्टरीणबाई खरंच रागावल्या. सगळ्या वॉर्डासमोर, मोठ्या आवाजात. ज्या अपमानाला सासूबाई आयुष्यभर भीत आल्या, तोच त्यांच्या वाट्याला आला. त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

“हौ. मले बोला, जेवढं बोलायचं तेवढं बोला. पन लेकराले पाहा.”

डॉक्टरीणबाईंनी फाइल वाचली आणि त्यांचा आवाज उतरला. या इंजेक्शनानंतर दोन-तीन दिवस बाळाची रेघ अशी सपाट होऊ शकते, हालचालही कमी होते, मग आपोआप सुधारते, असं त्यांनी समजावलं. तरी तेवढ्यावर विसंबल्या नाहीत. लगेच सोनोग्राफी करून बाळाचा रक्तप्रवाह पाहिला. तो चांगला होता. ऑपरेशन थांबलं. मात्र मला तिथंच ठेवून घेतलं; रोज सकाळ-संध्याकाळ पट्टा लागणार होता, आणि काही बिघडलंच तर ऑपरेशन.

मी सासूबाईंशी तीन दिवस बोलले नाही. माझा राग तसा वाईटच. त्या स्टुलावर बसून संत्री सोलायच्या, एकेक फोड माझ्या तळव्यावर ठेवायच्या. मी त्यांच्याकडे न बघता खायची. खरं तर मी स्वतःवर चिडले होते. मला जे जमलं नाही ते त्यांनी केलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात होता आणि आतून अशी लाथ बसली की चहा चादरीवर सांडला. पाठोपाठ दुसरी. सासूबाई फडकं शोधायला उठल्या. मी त्यांचं मनगट धरलं, हात ओढून पोटावर ठेवला.

“आई, इथं. थांबा जरा.”

तिसरी लाथ त्यांच्या तळहातावर बसली. त्या रडायलाच लागल्या. मग पदरानं नाक पुसत, घाबरत घाबरत म्हणाल्या, “डॉक्टरीनबाईले सांगू का?”

“सांगा आई,” मी म्हणाले. “सगळं सांगा.”