सगुणाबाईची सावर

बोरीच्या सगुणाबाईनं भरलेली उशी एकदा डोक्याखाली घेतली की माणसाला दुसरी चालत नाही. चैत्रात सावरीची बोंडं तडकायच्या आत ती काठीनं पाडते आणि अंगणात मच्छरदाणीखाली वाळवते. नाहीतर निम्मा कापूस म्हाताऱ्या होऊन गावभर उडतो. लग्न होऊन आली तेव्हा तिनं त्याचं सूत कातायचा हट्ट धरला होता. पण तंतू इतका गुळगुळीत, की एकमेकाला धरेचना. मग तिनं उशा भरायला घेतल्या आणि त्या कापसाचा स्वभाव तिला कळत गेला. उशी हौदात पडली तर तरंगते, आत पाणी शिरू देत नाही. डोक्याचं तेल मात्र घटाघटा पिते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या दिराच्या, भागवतच्या विहिरीत डिझेलचा कॅन कलंडला. पाण्यावर रंगीत तवंग पसरला. म्हशी तोंड लावेनात. भागवत सगळी विहीर उपसायला निघाला.

"आन् मंग मोसंबीला काय पाजतूस?" सगुणाबाई म्हणाली. "थांब. सावर टाकून बघू."

"वैनी, विहिरीला उशी करायलाव का तुमी?"

"व्हय. लय मोठी!"

जुन्या मच्छरदाणीच्या लांब पिशव्या शिवून तिनं त्यांत सावर सैलसर भरली. दोन्ही टोकांना दोर बांधले. एका काठावर ती, समोर तिची सून बबिता. पहिलीच पिशवी उसवली आणि कापूस पाण्यावर पांगला. भागवतनं आत उतरून, पुटपुटत, तो टोपल्यानं गोळा केला. सगुणाबाईनं दुहेरी टाका घातला आणि पुन्हा पिशवी सोडली.

या वेळी पांढरी गेलेली पिशवी काळपट होऊन वर आली. बादलीत पिळली तर डिझेलच निघालं, पाणी नावालाच.

"आयला!" भागवत पुढं सरसावला. "वैनी, दोर माझ्याकडं द्या."

दुसऱ्या दिवशी ताजी सावर फिरवली आणि वरचं थोडं पाणी उपसून टाकलं, तेव्हा वासही गेला. म्हैस हौदावर आणली. तिनं आधी हुंगलं, मग मान खाली घातली. तिचं पोट भरेस्तोवर सगुणाबाई तिथून हलली नाही.

पावसाळ्यात भागवतनं बांधावर सावरीच्या फांद्या रोवल्या. यंदा येलदरी धरणावरच्या मासेमारांनी, नावेच्या इंजिनाचं तेल सांडलं म्हणून, तिला जीप पाठवली. सगुणाबाई पुढच्या सीटवर बसली आणि सावरीची पोती मागं नीट रचून घेतली.