उजव्या बाजूची पदकं

ऑक्टोबर लागला की म्युरिएल रिडलीच्या स्वयंपाकघरात धातूच्या पॉलिशचा वास सुटायचा. खिडकीजवळच्या टेबलावर जुना टॉवेल, त्यावर लोकांच्या बिस्किटांच्या डब्यांतून निघालेली पदकं, शेजारी रंगीत फितींची रिळं, मेण लावलेला दोरा आणि जाड सुई. नोव्हेंबरातल्या स्मृतिदिनाच्या रविवारी उत्तर इंग्लंडमधल्या हेक्सम गावातले जुने सैनिक पदकं लावून चालायचे. त्यांच्या विटलेल्या फिती काढून नव्या शिवण्याचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

त्याचीही एक गोष्ट होती. १९७१ साली तिचा नवरा एडविन गेला, तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनेकडून एक अनोळखी बाई पेन्शनचे कागद भरायला आली. कागद वीस मिनिटांत भरून झाले, पण बाई तीन तास बसली. एडविनला बटाटे कसे आवडायचे, हेसुद्धा तिनं विचारलं. पुढच्याच महिन्यात म्युरिएलनं संघटनेत नाव घातलं. मग कुणाचा कानातल्या यंत्राचा अर्ज, कुणाला हिवाळ्याचा कोट, कुणाच्या विधवेला दवाखान्यात सोबत. आणि दर बुधवारी संघटनेच्या हॉलमध्ये चहा.

तो हॉल आता राहिला नाही, तिथं गालिचे विकतात. पण अजूनही त्या रस्त्यानं जाताना तिला डाव्या कोपऱ्यातलं टेबल दिसतं. शेगडीजवळची खुर्ची सार्जंट कथबर्ट डॉडची. तो आयुष्यभर फौजेत, आवाज परेडच्या मैदानावरचा. त्याच्या शेजारी विल्फ टेट. काटकुळा, सदा खोकणारा, एकटा राहणारा. विल्फ युद्धाबद्दल चकार शब्द काढत नसे. सगळ्यांना वाटायचं, ज्यांनी फार पाहिलं ते असेच गप्प असतात.

१९८८ च्या ऑक्टोबरात, पंचवीस तारखेला, मंगळवारी, विल्फची पदकं म्युरिएलच्या टॉवेलवर होती. इतकी वर्षं तो "फिती चांगल्या आहेत" म्हणून टाळायचा. या वर्षी एक फीत तुटून पदक लोंबायला लागलं, तेव्हा निरुपाय झाला. चारांपैकी तीन दुसऱ्या महायुद्धातली. त्यांवर सरकारनं कुणाची नावं कोरली नव्हती. चौथं मात्र त्याआधीचं, पॅलेस्टाईनमधल्या चकमकींचं. जांभळी फीत, मधे हिरवा पट्टा. त्याची कड पुसता पुसता म्युरिएलचा हात थांबला. तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. नाव होतं आर. टेट.

तिनं शिवण पूर्ण केली, दोरा कापला आणि दुपारी विल्फच्या घरी गेली.

"इतक्यात झाली?" तो दारातच म्हणाला. "की सुई मोडलीस?"

"चहा ठेव," ती म्हणाली. किटलीत पाणी भरेपर्यंत तिनं धीर धरला. "आर. टेट कोण रे, विल्फ?"

किटली ओट्यावर ठेवली गेली, पण गॅस पेटवायचा राहून गेला.

"राल्फ. माझा थोरला भाऊ." तो खिडकीकडे वळला. "युद्धात मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा सरकारनं सोडत काढली. ज्यांच्या भरतीच्या नंबराचा शेवटचा आकडा निघाला, ते फौजेऐवजी खाणीत. मी नौदलात जायला बॅग भरून बसलो होतो गं. चार वर्षं कोळसा काढला. ना गणवेश, ना पदक. बसमध्ये बायका विचारायच्या, एवढा धडधाकट तू, मग इथं काय करतोस? राल्फ तिकडं इटलीत मारला गेला. पदकं टपालानं आली, पुठ्ठ्याच्या खोक्यात. आईनं ते खोकं उघडलंसुद्धा नाही."

"आणि हॉलमध्ये कसा आलास?"

"आई गेली त्या वर्षी स्मृतिदिनाला राल्फसाठी म्हणून त्याची पदकं लावून उभा राहिलो. सगळे डावीकडे लावतात, मीही लावली. डॉडनं दंडाला धरून आत नेलं, 'बस इथं' म्हणाला. विचारलं काहीच नाही. पहिल्या दिवशी सांगितलं नाही, मग पुढच्या बुधवारी सांगता येईना. बारा वर्षं झाली." तो खाली बसला. "आता कळलं की हाकलतील. बुधवार गेला तर आठवड्यात माझ्याशी बोलायला उरतं कोण? पोस्टमन. तोही घाईत असतो."

म्युरिएलनं उठून गॅस पेटवला.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण स्वतःची डावीकडे आणि घरच्या माणसाची उजवीकडे, अशी रीत आहे. मी एडविनची उजवीकडेच लावते ना? तू डावीकडे लावतोस, म्हणून राल्फसाठी कुणी चालतंय हे गावाला ठाऊकच नाही. आमच्या रांगेत ये."

"विधवांच्या?"

"चावत नाहीत त्या."

रविवारी, तेरा नोव्हेंबरला, रांगा लागल्या तरी विल्फचा पत्ता नव्हता. बँड सुरू होता होता तो गल्लीतून आला. पदकं उजवीकडे होती.

"अगंबाई, आपल्यात कोंबडा आला!" हेडलीची म्हातारी म्हणाली. "पाऊल बरोबर टाक हं, आम्ही त्या पुढच्या म्हाताऱ्यांपेक्षा नीट चालतो."

पुढे झेंडा धरून उभ्या असलेल्या डॉडनं मान वळवली, विल्फच्या छातीकडे पाहिलं आणि मान पुन्हा सरळ केली. स्मारकापाशीच्या दोन मिनिटांच्या शांततेत विल्फ एकदाही खोकला नाही. खोकला दाबून त्याचा चेहरा लाल झालेला म्युरिएलला दिसत होता.

मग सगळे चहाला हॉलवर आले, तसा विल्फ दारातच थांबला. टोपी हातात. "मी निघतो गं."

"हॅम कापून ठेवलाय, तो कोण खाणार?" म्हणत तिनं त्याच्या हातात ताट दिलं. ताट हातात असलं की माणसाला पळता येत नाही.

विल्फच्या खुर्चीवर डॉडची काठी आडवी पडली होती.

"बाजू चुकली का रे आज?" डॉडनं विचारलं. त्याच्या आवाजाला हळू असं माहीतच नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

"आज नाही," विल्फ म्हणाला. त्यानं ताट टेबलावर ठेवलं. "आधी चुकली होती. भावाची आहेत. मी खाणीत होतो."

डॉडनं सावकाश चहाचा घोट घेतला. "अडतीस साली मी पॅलेस्टाईनला होतो, टेट. ती जांभळी फीत माझ्याही छातीवर आहे. तेव्हा तू तेरा वर्षांचा. फौजेत एवढी वजाबाकी शिकवतात."

"म्हणजे पहिल्यापासून... मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. बारा वर्षं लावलीस, गाढवा!" त्यानं खुर्चीवरची काठी उचलून भिंतीला टेकवली. "बस आता. तो हॅम इकडे सरकव, आणि तुझा भाऊ कसा होता ते सांग."

विल्फ बसला. आधी राल्फच्या सायकलबद्दल बोलला, मग त्याच्या कबुतरांबद्दल, मग घरात दोघांना एकच चांगला कोट कसा होता त्याबद्दल. म्युरिएल चहा ओतत राहिली. दर वर्षी तीनच्या ठोक्याला हॉल रिकामा व्हायचा. त्या वर्षी खुर्च्या उचलायला साडेचार वाजले.