आधी समोरच्याची बाजू

नानांशी भांडणं अवघड होतं. आपण तोंड उघडलं की ते हात वर करून थांबवत आणि आपलीच बाजू आपल्यापेक्षा नीट मांडून दाखवत. मग विचारत, "हेच ना तुझं म्हणणं?" आपण हो म्हणेपर्यंत स्वतःचं मत सांगत नसत. पुष्कळदा हो म्हणता म्हणताच आपल्या भांडणातला दम निघून जाई.

हा आमच्या सत्संगाचा जुना दंडक. पेणला रामवाडीत आणि रोह्याजवळ अष्टमीत, अशा दोन ठिकाणी आमचं आठवड्याचं वाचन चाले. दंडक सगळ्यांना पाठ होता, पाळत मात्र एकटे नाना. अगदी घरीसुद्धा. आमटी खारट झाली की काकू आधीच बजावत, "माझी बाजू मांडू नका, मुकाट्यानं जेवा."

सत्संगाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला तेव्हा नानांनी हीच रीत तिथेही चालू ठेवली. एका बोटानं टाइप करत. कुणी काही वेडंवाकडं लिहिलं की आधी त्याचं म्हणणं शांतपणे लिहून काढत, खाली 'हेच ना?' असं विचारत आणि उत्तर येईपर्यंत फोन फळीवर ठेवून देत. मी एकदा म्हटलं, नाना, इथे एवढं थांबत नाही कुणी. ते म्हणाले, "मग त्यांनी थांबायला शिकावं."

अष्टमीचं वाचन सुनंदाताई करायच्या. बाई स्पष्ट बोलणारी, आवाज खणखणीत. एका पावसाळ्यात त्यांनी वाचनाचं रेकॉर्डिंग करून ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. आमच्यात वाचन समोर बसूनच ऐकायचं असतं. पेणच्या दिलीपला ते खटकलं. दिलीपचा गणपतीचा कारखाना. माणूस कामाला पक्का, तोंडानं फटकळ. त्यानं सकाळी ग्रुपवर लिहिलं की वाचनाचा तमाशा चाललाय, ताईंना नाव हवंय. खाली हात जोडायला विसरला नाही. त्याचं पाहून आणखी बऱ्याच जणांनी हात जोडले.

नानांनी नेहमीप्रमाणे दिलीपची बाजू लिहिली. समोर बसून ऐकण्याची शिस्त रेकॉर्डिंगनं सुटते, वाचणाऱ्याचं लक्ष पोथीवरून कॅमेऱ्याकडे जातं, असं सगळं मुद्देसूद. 'तमाशा' आणि 'नाव' हे शब्द त्यांनी काढून टाकले. शेवटी 'हेच ना?' विचारलं आणि दिलीपच्या उत्तराची वाट पाहत बसले. पण गणपती तोंडावर आलेले. दिलीपचे हात दिवसभर रंगात आणि फोन खणात.

मधल्या वेळात कुणीतरी नानांचा मजकूर उचलून, शेवटचा प्रश्न वगळून, रोह्याच्या मंडळींना वेगळा पुढे पाठवला; ताईंच्या हाती आधी तोच पडला. वर लिहिलं, 'नानासुद्धा हेच म्हणतात.' संध्याकाळी दिलीपचं 'हो नाना, अगदी हेच' आलं, तोवर सुनंदाताई ग्रुप सोडून गेल्या होत्या. अष्टमीचं वाचन बंद, असा निरोपही आला.

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, गाडी काढ. मला प्रत्येक गोष्ट क्रमवार लावल्याशिवाय चैन पडत नाही. कुणी कधी काय लिहिलं, त्याचे स्क्रीनशॉट मी फोनमध्ये ओळीनं लावून ठेवले होते. नानांची चूक नव्हती हे त्यावरून स्वच्छ दिसत होतं. वाटेतलं खांब गाव येईपर्यंत मी तेच समजावत होतो. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर आहे. तो तिला दाखवू नकोस."

पूल ओलांडून अष्टमीत शिरलो. ताईंनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. पण स्वतः उभ्याच राहिल्या. नानांनी खुलासा केला नाही. त्यांनी ताईंची बाजू मांडायला घेतली. तू कंपनीतल्या शिफ्टवाल्यांसाठी रेकॉर्डिंग केलंस, त्यांना वाचनाला येता येत नाही म्हणून.

"नाय," ताई म्हणाल्या.

मग म्हाताऱ्या बायकांसाठी, ज्यांना जिना चढवत नाही.

"नाय. ते सगळं खरं हाय नाना, पन माझं म्हननं ते नाय."

 नानांना समोरच्याची बाजू सापडत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.  मला राहवेना, माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. नानांनी नुसतं पाहिलं, मी हात मागे घेतला.

मग ते म्हणाले, "इतकी वर्षं तू आमच्यात आहेस. सगळ्यांकडे तुझा नंबर आहे. पण हे का करतेस, असं एकानं तुला फोन करून विचारलं नाही. मीही नाही. मी दिलीपची बाजू आधी मांडायला बसलो."

ताईंनी पदरानं तोंड पुसलं. "व्हय. हेच."

"मग येशील परत?"

"नाय नाना. तुमाला समजलं, बरं वाटलं. पन त्या माणसांत मला बसवनार नाय."

नाना लगेच उठले. गाडीत मी म्हटलं, थोडा आग्रह करायला हवा होता. ते म्हणाले, "तिचं ऐकायला गेलो होतो ना? ऐकलं." ग्रुपवर त्यांनी एवढंच लिहिलं की सुनंदा येणार नाही आणि तिचं चुकलेलं नाही. तिला कुणी समजवायला जाऊ नये. त्यानंतर त्यांनी ग्रुपवर काहीही लिहिलं नाही. कुणाशी मतभेद झाला की चप्पल घालून त्याच्या घरी जात. जाणं झेपेना तेव्हा त्याला बोलावून घेत.

गेल्या हिवाळ्यात नाना अंथरुणाला खिळले. एका दुपारी आम्ही रामवाडीला त्यांच्या खोलीत बसलो होतो, दिलीपही होता. दारात सुनंदाताई आल्या. काकूंनी कळवलं असावं.  बसायला जागा नव्हती. दिलीप उठला, खुर्ची नानांच्या उशाशी सरकवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. ताई बसल्या. नानांचा हात हातात घेऊन त्यांनी हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. नानांचे डोळे मिटलेले होते.

वाचन झाल्यावर दिलीप खाली बघत म्हणाला, "ताई, रेकॉर्डिंग का करत होता?"

 ताई म्हणाल्या, "बसा. सांगते."

दिलीप जमिनीवर बसला. नाना त्याच आठवड्यात गेले. अष्टमीचं वाचन अजून बंदच आहे.