जिवंत काकांचं सुतक

तिसरी किमो झाली आणि मी ठरवलं, बास. चौथीला जायचं नाही. तोंडाला सगळं गंजक्या लोखंडासारखं लागायचं. बायको वरणभात वाढायची, मी ताट सरकवायचो, मग ती आत जाऊन रडायची आणि ते ऐकू आलं की मी अजून चिडायचो. सोमवारी ॲडमिट व्हायचं होतं. शनिवारी तिला सांगितलं, माझ्या जिवाचं मी बघतो, कुणी मधे पडायचं नाही.

ती पडली नाही. तिनं माझ्या दोन दोस्तांना फोन केला.

दोघं कॉलेजपासूनचे. एक मुदखेडला रेल्वेत. दुसरा लातूरला मास्तर, त्याचं शेत रेणापूरजवळ. रविवारी सकाळी नांदेडला आमच्या दारात गाडी थांबली आणि आतून दोन गुळगुळीत टकली उतरली.

"हे काय करून बसलात?"

"तुला एकट्याला कसं तरी वाटत असंल," मास्तर म्हणाला.

"आमच्या बौद्धांत मयतीला सुद्धा डोकं भादरत न्हाईत, गड्या," रेल्वेवाला म्हणाला. "आईला वाटलं, मी श्रामणेर झालो. भंतेजी समजून वंदन केलं मला. आता खरं कोणत्या तोंडानं सांगू?"

लई राग आला. केस गेले म्हणून मी रुसलोय की काय? तरी गाडीत बसलो, कारण घरात बायकोचा चेहरा बघवत नव्हता.

शेतात चिंचेखाली बाज टाकली. ज्वारी कणसावर आली होती, बांधापलीकडं टिटवी बोंबलत होती. आणलं होतं मला समजवायला. एक उगीच हरभरा खुडत बसला, दुसऱ्यानं मोटार चालू केली. दांडातून पाणी आलं तसे मी त्यात पाय सोडले. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

एवढ्यात बांधावरून शेजारच्या शेतातला माणूस गेला. आम्हाला बघून थबकला. तीन टकली, तिघांची तोंडं पडलेली. बालाजीला जाऊन आले म्हणावं तर कपाळाला गंध नाही, लाडूचा प्रसाद नाही. मास्तरचे वडील, आमचे काका, लातूरला दम्यानं बेजार आहेत हे अख्ख्या गावाला ठाऊक. त्यानं एक शब्द विचारला नाही. गमजा डोळ्याला लावला आणि गावाकडं निघाला. आम्हाला वाटलं, डोळ्यात कुसळ गेलं असंल.

थोड्या वेळानं गावच आलं. पुढं बाया, डोक्यावर पदर, हातात पिठलं-भाकरीच्या टोपल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्यांनी जेवण आणायचं असतं. माझ्या भुवयासुद्धा गेलेल्या, डोळे खोल. सगळ्यात जास्त दुःखी मीच दिसत असणार. एका म्हातारीनं सरळ मलाच कवटाळलं. "लई देवमाणूस होता रं!"

"आवो, आमचे आबा जिवंत हायेत!" मास्तर ओरडला.

"असंच वाटतंय, बाबा," एक जण त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "पहिल्या दिवशी असंच वाटतंय."

मी हसायला गेलो आणि रडू फुटलं. रिपोर्ट आला तेव्हा मी रडलो नव्हतो. बायकोसमोर तर नाहीच नाही. म्हातारीच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास होता, तिला माझं काहीएक माहीत नव्हतं, आणि मी तिच्या खांद्यावर हंबरडा फोडला. रेल्वेवाला हसू दाबता दाबता रडायला लागला.

तिकडं कुणीतरी मास्तरच्या घरी फोन लावला होता, माती किती वाजता हाय? फोन काकांनीच उचलला.

ऑटो करून आले. उतरले ते काठी आपटतच. "कोण म्हणलं रं मी मेलो?"

सगळ्यांनी आम्हा तिघांच्या डोक्यांकडं बघितलं. खुलासा झाला, शिव्या झाल्या, आमचं सगळं माप काढून झालं. शेवटी म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या काका, मेल्याची आवई उठली, आता आयुष्य वाढलं तुमचं."

काका माझ्या शेजारी बाजेवर टेकले. दम लागला होता. माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"तू कशाला एवढा रडायलास माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी न्हाई, काका," मी म्हणालो. "मला मरायचं न्हाई."

त्यांनी टोपलीतली भाकरी मोडली, त्यावर पिठलं घेतलं आणि म्हातारीला म्हणाले, "मला काय करायचंय या वयात वाढीव आयुष्य? ह्याला देऊन टाकलं." घास माझ्या तोंडाशी धरला. खाल्ला. मिरचीचा ठसका लागला, आणि कितीतरी दिवसांनी मला मिरची मिरचीसारखी लागली.

काका त्या दिवशी लातूरला परतलेच नाहीत. आमच्यासोबत नांदेडला आले. सोमवारी वॉर्डात आम्ही चौघं ओळीनं बसलो, तीन टकली आणि खोकून खोकून लाल झालेले काका. सिस्टर सलाईन घेऊन आली, आमच्याकडं बघितलं आणि सरळ काकांच्या मनगटाला हात घातला.

"त्यांचा नाही, सिस्टर," मी म्हणालो आणि बाही वर केली. "माझा हात घ्या."