विहिरीतली शाळा

ड्रोनच्या फोटोंवरून गावांचे नकाशे करायचे, हे माझं काम. केंदूरजवळच्या एका वाडीचा नकाशा उघडला, तर शाळा थेट विहिरीत! फोटो जमिनीवर नेमका बसावा म्हणून आम्ही दगडांवर पांढऱ्या फुल्या मारतो आणि त्यांची जागा आधीच मोजून ठेवतो. त्या फुल्या बघायला मी वाडीत गेलो. शाळेजवळचा दगड एका आबांच्या दारात पायरी होऊन बसला होता.

"ड्रोन यायच्या आदल्या दिशी आणला," आबा म्हणाले. "फुली वरच ठेवली हाय. पुसट झाली तवा चुनाबी लावला."

एवढी काळजी आमच्या ऑफिसात कुणी घेत नाही. मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, "ड्रोनच्या फोटोत दगड इथंच आलाय. इथली जागा मोजली की नकाशा सुधारेल."

साहेब खवळले. "सरकारी खूण आहे ती! आधी दगड मूळ जागी ठेवा आणि मला फोटो पाठवा."

दगड ठेवला, फोटो पाठवला. साहेबांनी अहवालात 'चूक दुरुस्त केली' असं लिहून सही ठोकली. आबांची पायरी गेली, आणि नकाशात शाळा अजून विहिरीतच आहे.