हेलनवहिनीच्या गव्हाची जुडी

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुधीरदादाचा फोन आला, तेव्हा मी स्टेशनच्या पार्किंगमध्ये स्वतःचीच गाडी शोधत होतो. ही माझी रोजची कसरत. "हेलन गेली," दादा म्हणाला. आणि मग, "वाफा तसाच पडलाय रे." दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, हा आत्ता वाफ्याचं काय घेऊन बसलाय. मला कळलं.

सुधीरदादा माझा चुलतभाऊ, घराण्यातला हुशार, संशोधन करणारा. घराण्याला तोल लागतो म्हणून मी. हेलनवहिनी त्याची अमेरिकन बायको, शाळेत विज्ञान शिकवायची. ख्रिस्ती धर्माच्याही आधी युरोपातले लोक सूर्याला, मातीला मानत, तसं ती मानायची आणि "मी पेगन आहे" हे कुणी "मी शाकाहारी आहे" म्हणावं इतक्या सहज सांगायची. एक ऑगस्टला तिचा लॅमस, पहिल्या पिकाचा सण. दादा मात्र इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना सांगायचा, "आमच्याकडे समर बार्बेक्यू असतो." वहिनी हसायची. पण एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "भावजी, त्यानं मानावं असं नाही. एकदा फक्त सणाच्या गोलात उभं राहावं." 'भावजी' एवढा एकच शब्द तिचा मराठी, बाकी सगळं इंग्लिश. पण तो शब्द ती असा म्हणायची, की मी मुकाट्यानं ताटं विसळायला घ्यायचो.

२००३ साली आम्ही पहिल्यांदा तिच्या सणाला गेलो. मागच्या अंगणात दोन खाटा मावतील एवढा वाफा आणि त्यात गहू. जुलैत वहिनी बराचसा कापून त्याचा ब्रेड करायची, एक कोपरा सणासाठी उभा ठेवायची. आमच्या सौभाग्यवती मंजिरीला कुणीतरी 'पूजा आहे' एवढंच सांगितलेलं, त्यामुळे ती पर्समधून हळद-कुंकू घेऊन आली आणि कुणी काही म्हणायच्या आत गव्हाला वाहून मोकळी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनीनं मात्र पुढच्या वर्षीपासून कुंकवाची डबी स्वतःच आणून ठेवायला सुरुवात केली.

विधी साधा. गोल करून उभं राहायचं, ब्रेड हातोहात फिरवायचा, तुकडा तोडायच्या आधी एका गोष्टीचे आभार मानायचे. पहिला तुकडा मात्र मातीला. माझी पाळी आली तेव्हा मी भाषणाच्या थाटात म्हणालो, "सगळ्यासाठी." वहिनीनं ब्रेड माझ्या हातातून परत घेतला. "सगळं नाही, भावजी. एक." वीसेक माणसं माझ्याकडे बघतायत, भूक लागलेली, आणि मला एक गोष्ट सुचेना. शेवटी म्हणालो, "गाडी सापडली त्यासाठी." तिनं ब्रेड दिला. हे चाललं तिला.

त्या दिवशी निघताना तिनं गव्हाच्या ओंब्यांची लाल दोऱ्यानं बांधलेली जुडी हातात ठेवली, आणि मी तिथेच थांबलो. आमच्याकडे रत्नागिरीला आई नव्याच्या दिवशी भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला बांधायची. त्याला 'नवं' म्हणायचे. पुढच्या वर्षीचं येईपर्यंत ते उतरवायचं नाही. अमेरिकेत येऊन मी ते साफ विसरलो होतो. वहिनीला सांगितलं तर तिनं इतके प्रश्न विचारले, की मला आईला फोन लावावा लागला. तेव्हापासून आमच्या दाराला तिचं नवं.

आणि दादा? तो दर वर्षी गॅरेजमधून खुर्च्या आणायचा, मांडायचा आणि गोलाबाहेर कॅमेरा घेऊन उभा राहायचा. मी चिडवलं तर म्हणायचा, "माझे थँक्स खुर्च्यांत धर." गंमत अशी, की वहिनी त्यातल्या एकाही खुर्चीत कधी बसायचीच नाही. सगळ्यांना वाढत, ओंब्या कापत, पोरांना मातीत हात घालायला लावत दिवसभर उभी.

यंदा ती बसली. आजार अंगभर पसरला होता, विळा हातात धरवत नव्हता. ओंब्या मंजिरीनं कापल्या, ब्रेड मी भाजला. त्यावर नारळ फोडता आला असता. वहिनीनं ब्रेड कानाशी धरून ठोकला आणि म्हणाली, "भावजी, घर बांधताय?" ब्रेड फिरत फिरत संपायला आला आणि दादानं कॅमेरा गवतात ठेवला. गोलात आला. तिच्या शेजारी उभा राहिला, तुकडा धरून. वहिनी त्याच्याकडे बघतही नव्हती, मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"खुर्चीसाठी," तो म्हणाला. मागून कुणीतरी हसलं. "इतकी वर्षं मांडतोय. तू आज बसलीस."

वहिनीनं त्याची बाही धरली आणि सगळे पांगेपर्यंत सोडली नाही.

परवा दादानं बोलावलं. गव्हाचा पेरा ऑक्टोबरात. वहिनीनं बरणीत ठेवलेलं बी त्यानं काढलं होतं, वाफा खणून ठेवला होता आणि शेजारी एक खुर्ची मांडली होती. आम्ही दोघंही तिच्यात बसलो नाही. माझ्या हातून कढीपत्त्याचं रोपही जगत नाही, म्हणून मी फक्त पाण्याचा पाइप धरला. पेरून झाल्यावर हात झटकत तो म्हणाला, "चल, सांग. एक."

मंजिरी दिवाळीची साफसफाई काढतेय. दारावरची जुडी झडायला लागली आहे, लाल दोरा उन्हानं पांढरा पडलाय. "काढू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नवं येईपर्यंत राहू दे. दादानं पेरलंय.