काकाजींनी शिवलेली रात्र

"काकाजी, हा कोंबडा आजच्या आज वस्तीबाहेर नेऊन सोडा, नाईतर मी नगरपरिषदेत जातो," समोरचे मास्तर पहाटेच्या अंधुक उजेडात रस्त्यावर उभे राहून ओरडत होते. कोंबड्याच्या आरवण्यातूनही जी घरं झोपून राहिली होती, ती आता उठली. शेजारचे काकाजी कुंपणापाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "मास्तर, जरा दमानं घ्या न. तो घाबरते."

उभ्या वर्धा जिल्ह्यात कोंबड्याचं मन जपणारा माणूस हा एवढाच. काकाजी माझे सख्खे कोणी नाहीत. कुंपणाला कुंपण लागलेलं, एवढंच नातं. जन्मभर कापडाचं दुकान चालवलं. चतुर्थीला त्यांच्या घरात कांद्यालाही थारा नाही, अंडं तर त्यांनी लांबूनही पाहिलं नसेल. असा माणूस केळझरच्या गणपतीला गेला आणि नारळाच्या पिशवीत कोंबडा घेऊन परतला. एका बाजूने नारळाची शेंडी डोकावतेय, दुसऱ्या बाजूने तुरा. कोंबडी नाही, अंडी नाहीत, रस्सा तर नाहीच, मग हा कशाला, असं मी विचारलं. "दुकान होतं तवा शटर वर केलं का सकाळ होये," काकाजी म्हणाले. "आता मले कोण सांगते सकाळ झाली म्हणून? हा सांगते."

सांगायचा मात्र जरा जोरात. त्याची बांग पार लांबच्या वडनेर गावापर्यंत जाई, आणि तिकडचे कोंबडे आपलं काम झालं समजून पुन्हा डोळे मिटत. रोहण्याची पहिली एसटी त्याच्याच भरवशावर सुटते, असंही मी ऐकलं आहे. ऐकलं म्हणजे, मीच कोणाला तरी सांगितलं होतं.

मास्तर खरंच नगरपरिषदेत गेले. तिथला माणूस काकाजींकडे आला, अंगणात खुर्चीवर बसला आणि त्याने नियम समजावला: राहत्या वस्तीत कोंबडा ठेवायचा तर उजाडण्याआधी त्याचा आवाज शेजाऱ्याच्या कानी जाता कामा नये. "सोमवारी पहाटे येतो मी," तो म्हणाला. "आरवला तर उचलून नेतो."

दुसरा कोणी असता तर त्याने वकील गाठला असता. काकाजींनी माळ्यावरून दुकानातली उरलेली काळी कापडं काढली. कोंबडा उजेड पाहून आरवतो, तर उजेडच आत येऊ द्यायचा नाही. अंगणात बसून ते एकेक तागा उन्हासमोर धरत, चिमटीत चोळून पाहत. "ही तर नुसती संध्याकाळ हाय," म्हणून एक बाजूला टाकला. दुसऱ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "ह्यातून पहाट गळून राह्यली." शेवटी कापडावर कापड जोडून त्यांनी आपल्या झोपायच्या खोलीपुरती एक रात्र शिवली, खिडकीला, दाराला, झरोक्याला नीट बसणारी. कोंबडा एकटा बावरेल म्हणून स्वतःचा पलंगही तिथेच ठेवला. मी एकदा आत डोकावलो. अंधार असा मऊ, की हात लावला तर घडी पडेल. डांबरगोळ्यांचा वास, पंख्याची घरघर, आणि कोपऱ्यातून येणारा एक संथ, उबदार श्वास. काय सांगायला गेलो होतो ते विसरूनच मी परत आलो.

सोमवारी पहाटे नगरपरिषदेचा माणूस आला. मास्तर त्याच्याआधीच रस्त्यावर. सगळी गल्ली कान देऊन उभी. फटफटलं, कावळे बोलले, दूधवाला येऊन गेला. काकाजींच्या घरातून चकार शब्द नाही. मास्तरांचा विश्वास बसेना. खरं तर पेन्शन लागल्यापासूनच त्यांची झोप उडाली होती, कोंबडा यायच्या कितीतरी आधी. फक्त दोष द्यायला तेव्हा कोणी सापडलं नव्हतं.

"लपवला असन कुठंतरी," ते म्हणाले. "मी आत जाऊन पाहतो."

काकाजींनी दारावरचं कापड जरासं उचललं. "या. पलंगावर बसा घडीभर, डोळ्याले अंधाराची सवय होऊ द्या. मंग दिसन."

मास्तर आत गेले. कापड खाली पडलं.

नगरपरिषदेच्या माणसाला मी चहा दिला. मग पुन्हा दिला. ऊन कुंपण ओलांडून अंगणात आलं, गल्ली कंटाळून आपापल्या कामाला लागली, मास्तर काही बाहेर येईनात. काकाजी उंबऱ्यात कापडाची कड धरून बसले होते. गिऱ्हाईक आत निवांत माल पाहत असावं आणि दुकानदाराला कसली घाई नसावी, तसे.

"काकाजी," तो माणूस अखेर म्हणाला, "मले ऑफिसात जाऊन काईतरी सांगा लागन. मास्तर काय म्हणून राह्यले?"

"काई नाई," काकाजी म्हणाले. "दोघंबी झोपले हायेत."